चौघींचा हुंकारा

हत्तरगी सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, बोटांचा खडू झटकला आणि आमच्याकडे न बघताच म्हणाले, "हे या महिन्याचे शब्द. मी स्वतः मोजलेत. दोनदा."

गड : दोन हजार तीनशे सोळा. नद्या : दोनशे एक्केचाळीस.

मुलांच्या घोळक्यातून टाळ्या आणि एक शिट्टी ऐकू आली. शिट्टी उदय शिंत्रेची, हे सांगायला नकोच.

नद्या म्हणजे आम्ही चौघी. गडहिंग्लजच्या बाजारात, खताच्या दुकानाच्या माडीवर, सरांचा इंग्रजी बोलायला शिकवायचा वर्ग होता. साल दोन हजार सात. फोनच्या तारेतून इंटरनेट नुकतंच गावात पोचलं होतं आणि सरांच्या डोक्यात एक कल्पना शिरली होती. समोरासमोर उभं केलं की आमच्या तोंडून इंग्रजी म्हणून फुटायचं नाही. म्हणून सरांनी आठ कॉम्प्युटर मांडले, मधे प्लायवूडचा आडोसा घातला, इंटरनेटवर आमच्यापुरती एक चॅटची खोली उघडली आणि सांगितलं, "रोज तीन ते चार. हातानं बोला. विषय कुठलाही, भाषा इंग्रजी. चुकलात तर चुकलात."

कुणी लाजू नये म्हणून सरांनी आमची नावंही काढून घेतली होती. पुढच्या चार मशीनवर मुलगे. ते आमच्या भागातले गड. मागच्या चारवर मुली, त्या नद्या. मी हिरण्यकेशी. माझ्या शेजारी नेसरीहून एसटीनं येणारी गिरिजा हिडदुगी, ती घटप्रभा. तिच्यापलीकडे यास्मिन मुजावर, ती वेदगंगा, आणि सुवर्णा पोतदार, ती ताम्रपर्णी. पडद्यावर नुसते गड आणि नद्या दिसायच्या, पण सामानगड म्हणजे उदय शिंत्रे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं. इतक्या ऐटीत दुसरं कोण लिहिणार?

सरांनी खडू पुन्हा उचलला आणि आकड्यांच्या खाली तिसरी ओळ लिहिली.

एक जूनपासून मागची चार मशीन : मुलांची जादा बॅच.

मी उभीच राहिले. "सर, आणि आम्ही?"

"तुम्ही गुणी पोरी आहात," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, तीच पंचाईत होती. "पण शैला, वर्ग बोलायचा आहे. तुम्ही बोलत नाही. सात मुलगे वाट बघत बसलेत, सगळ्यांना पुण्याला कॉल सेंटरात जायचंय. मी मशीन अडवून ठेवू का?"

"आम्ही बोलतो की, सर."

"काय बोलता? ‘देन?’ ‘ओह!’ ‘व्हेरी नाइस.’ ‘देन?’ महिनाभर हेच. याला मी संभाषण म्हणू?"

खरंच तेच लिहीत होतो. माझा चेहरा तापला. त्या वर्गावाचून मला दुसरं काही नव्हतं, हे सरांना कसं सांगायचं? बी.ए. होऊन दोन वर्षं मी घरी बसले होते. मुलीनं इंग्रजी शिकायला कोल्हापूरला जायचं नाव काढलं की आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, कपाळाला आठी पडायची. या माडीवर मात्र त्यांनी पाठवलं, कारण हत्तरगी सर त्यांच्या माहितीतले. गिरिजाचं तर त्याहून कठीण. तिच्या घरी "चार पोरी हायत म्हणून जा" अशी परवानगी होती. मशीन गेली की आमची खिडकी बंद झाली, आणि दुसरी कुणी उघडून देणार नव्हतं.

सर दर शनिवारी सगळ्या गप्पा छापून काढायचे. टेबलाखाली भोकं पाडलेल्या किनारीच्या कागदाची ही चळत पडलेली असायची.

"सर, ते कागद नेऊ काय घरी?" मी विचारलं. "सोमवारी परत आणतो." आमच्या भागात मुलीही ‘नेतो, आणतो’च म्हणतात, लग्न होऊन पुण्याला आल्यावर माझं ते सुटलं.

"ने. रद्दीच आहे," सर म्हणाले.

रविवारी दुपारी आमच्या सोप्यात आम्ही ते कागद उलगडले. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले, तरी संपेनात. आई कोपऱ्यात संकेश्वरी मिरच्यांची देठं खुडत बसली होती. चटणीचे दिवस. येताजाता प्रत्येकजण शिंकत होता.

"कुणाचं गं एवढं रामायण?" आईनं विचारलं.

"आमचंच. आम्ही बोललोय हे सगळं," यास्मिन म्हणाली. "म्हणजे, पोरं बोललीत. आम्ही नुसत्या हजर."

"वाच बघू."

मी वाचायला लागले, मराठी करून. सामानगड म्हणतो, माझ्या मळ्यात साप निघाला. हिरण्यकेशी म्हणते, अरे बापरे, मग? सामानगड म्हणतो, सहा फुटांचा होता. वेदगंगा म्हणते, मग तुम्ही काय केलं? सामानगड म्हणतो, मी काठी घेतली. ताम्रपर्णी म्हणते, किती धाडसी! मग? असं करत करत साप तीन दिवस चालला होता, आणि तिसऱ्या दिवशी नऊ फुटांचा झाला होता.

आईच्या हातातली मिरची तशीच राहिली. ती हसायला लागली.

"हसायला काय झालं?"

"अगं, त्या पोराला कशाला नावं ठेवतासा? तुम्ही चौघी हुंकारा द्यायला लागलाय म्हणून तो सांगतोय. माझे आप्पा गोष्ट सांगायचे तवा आधी बजावायचे, हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. आम्ही पोरं झोपंला आलो की हुंकारा बंद व्हायचा, की आप्पा अर्ध्यात राक्षस सोडून तंबाखू मळायला मोकळे." तिनं देठ खुडलं. "त्या तुमच्या सरास्नी म्हणावं, हुंकारा देणारं माणूस गप नसतंय. गोष्टीच्या गाडीचा एक बैल त्योच असतोय."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. सुवर्णानं पिशवीतून लाल पेन काढलं. सोनाराची पोर, तिच्या हिशेबात गुंजेचा फरक व्हायचा नाही. आमचा एकेक ‘देन?’ हुडकून ती गोल करत सुटली. तासाभरानं तिनं मान वर केली.

"महिन्याभरात प्रश्न एकशे सत्तेचाळीस. त्यातले एकशे चव्वेचाळीस आपले."

"आणि त्यांचे तीन?" यास्मिननं विचारलं.

"दोन वेळा ‘माझी खुर्ची कुणी नेली?’ आणि एकदा ‘चार वाजले काय?’"

यास्मिन हसून हसून आडवी झाली. मीही हसत होते. तेवढ्यात माझं बोट एका ओळीवर थांबलं. तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. घटप्रभेची ओळ. गिरिजाची.

आमच्या घरात हत्ती आला.

महिन्याभरात गिरिजानं स्वतःहून काढलेला तेवढा एकच विषय होता. खाली लगेच सामानगड : माझ्या काकांनी चंदगडला दोन हत्ती बघितले. आणि त्याच्या खाली, बाई गं, हिरण्यकेशी : ओह! देन?

हिरण्यकेशी म्हणजे मी. शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या घरात हत्ती शिरला, आणि मी मात्र उदय शिंत्रेच्या काकांची विचारपूस करत होते. त्यांचे दोन, हिचा एकच, म्हणून की काय कोण जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गिरिजा, खरंच आलता काय गं हत्ती?"

"व्हय," ती म्हणाली. मिरच्यांची देठं खुडायला ती केव्हाच आईशेजारी जाऊन बसली होती.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यानंच मला जास्त लागलं.

त्याच दुपारी ठरलं. भांडायचं नाही, रुसायचं नाही, वर्गाला दांडी मारायची नाही. वेळेवर जायचं, मशीनपुढं बसायचं, आणि हुंकारा द्यायचा नाही.

सोमवारी तीन वाजता घंटा झाली. सामानगडानं सुरुवात केली : काल मी गडावर गेलो. खूप ऊन होतं.

आम्ही हात मांडीवर ठेवले. खरं सांगते, माझी बोटं शिवशिवत होती. ‘देन?’ लिहायची इतकी सवय जडली होती की डावा हात उजव्यानं धरून ठेवावा लागला.

अर्धं मिनिट गेलं. पारगड : मी मटण खाल्लं. कलानिधीगड : माझी गाडी लिटरला साठ देते. सामानगड : गडावर खूप ऊन होतं. ही ओळ आधी येऊन गेली होती, पण कुणी काही विचारेना, तेव्हा गडी पुढं सरकेना. गडावरच्या उन्हाबद्दल पारगडानं काही विचारलं नाही, मटणाबद्दल कलानिधीगडानं विचारलं नाही, आणि गाडीचं साठाचं ॲव्हरेज ऐकून गंधर्वगडानं फक्त ‘माझी पासष्ट’ एवढं लिहिलं. मग तेही थांबलं. पडद्यावर चार ओळी चार भिंतींकडे तोंड करून बसल्या होत्या.

पाच मिनिटं. सात मिनिटं. नुसता पंख्याचा आवाज.

सामानगड : हॅलो? एनीबडी?

आणि मग आडोशापलीकडून, चक्क मराठीत, मोठ्यानं, "सर, नेट गेलं!"

सर धावत आले. नेटच्या डबीचे हिरवे दिवे बघितले, तार काढून फुंकली, परत बसवली. टेबलाखाली रांगत गेले. बाहेर आले तेव्हा केसांत जाळं अडकलं होतं. "नेट तर आहे," ते पुटपुटले आणि आडोशाला वळसा घालून आमच्याकडे आले. बघतात तर चौघी ताठ बसलेल्या, हात मांडीवर, फोटोला बसल्यासारख्या.

"काय झालं? मशीन बंद आहेत?"

"चालू हायत, सर," यास्मिन म्हणाली.

"मग बोला की!"

"आम्ही कुठं बोलतो, सर?" मी म्हणाले. "तुम्हीच फळ्यावर लिवलंय."

सुवर्णानं कागदांची चळत सरांच्या हातात दिली. सर उभ्याउभ्या वाचायला लागले. लाल गोल, लाल गोल, लाल गोल. सुवर्णानं आणखी एक काम केलं होतं, आम्हालाही न सांगता. सापाचे तीन दिवस तिनं नव्या कागदावर उतरवले होते, फक्त मुलांच्या ओळी, आमचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं गाळून. तो कागद तिनं वर ठेवला. माझ्या मळ्यात साप निघाला. एवढी एकच ओळ होती, आणि खाली कोरा कागद.

"बाकीचं कुठं आहे?" सरांनी विचारलं.

"बाकीचं आम्ही इचारल्यावर आलं, सर," सुवर्णा म्हणाली. "न इचारता आलेलं तेवढंच."

सरांनी कागद उलटे केले, परत सुलटे केले. मोजणाऱ्या माणसाला आपली मोजदाद चुकली हे कळायला वेळ लागतो. मग ते सगळी चळत काखेत मारून बाहेरच्या खोलीत गेले, जिथं फळा होता. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

"आता?" यास्मिन कुजबुजली.

मला वाटलं, झालं. आगाऊपणा अंगाशी आला. आता दादांना निरोप जाणार, आणि एक जूनची वाट बघायलाच नको. पण जायचंच असेल तर एक देणं फेडून जायचं, एवढं मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. मी कीबोर्ड पुढं ओढला आणि लिहिलं.

हिरण्यकेशी : घटप्रभा, तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या घरात हत्ती आला. देन?

गिरिजानं आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे कान लाल झाले होते. मान हलवून नको म्हणाली.

सामानगड : माझ्या काकांनी

ओळ तिथंच संपली. बोट चुकून दाबलं गेलं असावं. पुढचं येणार म्हणून मी दात आवळून वाट बघत होते. पुढचं आलं नाही. त्याऐवजी ताम्रपर्णीनं लिहिलं, घटप्रभा, देन? वेदगंगेनं लिहिलं, वी आर लिसनिंग. देन?

गिरिजानं ओढणीला हात पुसले आणि एका बोटानं, अक्षर हुडकत हुडकत, लिहायला लागली. तिचं इंग्रजी काही पाठ केलेलं नव्हतं. जसं यायचं तसं यायचं. मॉर्निंग सिक्स. आय सिट टु मिल्क बफेलो. ती म्हैस पहिलटकर होती, लाथाळ. मारकुटी हा शब्द गिरिजाला इंग्रजीत येत नव्हता, तिनं लिहिलं, बफेलो इज अँग्री टाइप.

पडद्यावर दुसरं काही उमटेना. आठ मशीन, आणि टकटक एकाच बोटाची.

एलिफंट ब्रेक फेन्स. माय फादर रन. माय ब्रदर रन. माय अंकल रन फर्स्ट.

आडोशापलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. ते हसणं चांगलं होतं.

आय नॉट रन. इफ आय रन, बफेलो ब्रेक रोप. बफेलो गो टु एलिफंट. बफेलो डाय. सो आय सिट. आय होल्ड बफेलो. आय टॉक टु बफेलो स्लोली स्लोली.

मी तिच्याकडे बघत होते. एसटीत खिडकीची जागा कुणी मागितली तर मुकाट उठून देणारी ही मुलगी. घरातले सगळे बाप्ये परसातून पसार झाले, आणि ही म्हशीच्या बुडाशी बसून राहिली. तीन आठवडे हे सगळं तिच्याजवळ होतं. तीन आठवडे आम्ही साप मोजत होतो. मला तिचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाजही.

एलिफंट पुट ट्रंक ओव्हर वॉल. ट्रंक कम हिअर. निअर माय हेड. इन माय बकेट इज पेंड.

पेंडीला तिला शब्द सापडला नाही, आणि तिनं तो शोधलाही नाही. मग ती थांबली. बोटं चोळायला लागली. तिला एका दमात इतकं लिहायची सवय नव्हती.

आणि मग एकाखाली एक ओळी आल्या.

सामानगड : देन?

पारगड : देन?

गंधर्वगड : देन??

कलानिधीगड : देन प्लीज.

त्यातला पहिला उदय शिंत्रेचा होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. महिन्याभरात त्यानं दुसऱ्याच्या गोष्टीबद्दल विचारलेला पहिला प्रश्न. पुढं तो चांगलं विचारायला शिकला. पुण्यात कॉल सेंटरात लागला तेव्हा पेढे घेऊन आधी मागच्या रांगेकडे आला, सरांकडे नंतर. पण ते पुढचं.

कुणीतरी आमच्या मागं उभं होतं. हत्तरगी सर. कधी आले, कळलंच नव्हतं. गिरिजाच्या खांद्यावरून ते पडदा वाचत होते, ओठ हलवत, लहान मुलासारखे. त्यांच्या उजव्या बाहीकडे माझं लक्ष गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत खडूनं पांढरी झाली होती. डस्टर शोधायलाही थांबले नव्हते ते. फळा बाहीनंच पुसला होता. त्या चार मशीनवर पुढं नऊ वर्षं मुली बसल्या. त्यातली शेवटची तीन वर्षं त्यांना शिकवायला गिरिजा होती.

पण त्या घटकेला सरांना मशीनचं काही पडलेलं नव्हतं.

"अगं, मग?" सर म्हणाले. इंग्रजीच्या वर्गात, भर तासाला, अस्सल मराठीत. "पुढं काय झालं?"

महिनाभर ‘येस सर’च्या पलीकडे सरांशी एक अक्षर न बोललेली गिरिजा हिडदुगी मागं वळली. घाई कसली म्हणून तिनं नीट बोटं मोडून घेतली, एकेक करून दहाही.

"थांबा की जरा, सर," ती म्हणाली. "म्हैस अजून पान्हवायची हाय."